उपवास, डाएट आणि अर्धपोटी राहणे : आहारवर्तनाचे मानसशास्त्र
(पाटोदा तालुक्यातील ग्रामीण महाविद्यालयाच्या संदर्भात)

सारांश :
माणूस केवळ भूक लागते म्हणून खात नाही आणि केवळ अन्न नाही म्हणूनच उपाशी राहतो असेही नाही. श्रद्धा, सौंदर्याच्या कल्पना, कुटुंबातील स्थान, ऋतुमान आणि रोजगार हे सारे त्याच्या ताटावर अधिकार गाजवीत असतात. प्रस्तुत लेखात ‘न खाण्या’चे चार प्रकार, म्हणजे व्रताचा उपवास, वजन घटविण्यासाठीचा डाएट, दारिद्र्यातील उपासमार आणि घरातील स्त्रीचे सर्वांत शेवटी जेवणे, यांचा मानसशास्त्रीय अंगाने विचार केला आहे. शहरी अतिपोषणासाठी घडविलेला आहारसल्ला अल्पपोषित ग्रामीण विद्यार्थिनीपर्यंत जसाच्या तसा पोहोचला तर तो हितकारक ठरेलच असे नाही, हे स्पष्ट करणे हा लेखाचा मुख्य हेतू आहे.

बीजसंज्ञा : आहारवर्तन, निग्रही खाणे, उपवास, डाएट, रक्तक्षय, लवचिक नियंत्रण.

प्रस्तावना :
बीड जिल्ह्यातील पाटोदा हा बालाघाटच्या डोंगररांगेतील अवर्षणप्रवण तालुका. बाजरी, ज्वारी, तूर ही येथील परंपरागत पिके आणि भाकरी हे येथील मुख्य अन्न. दसरा-दिवाळीनंतर हजारो कुटुंबे ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. याच तालुक्यात गहिनीनाथगडासारखे श्रद्धास्थान आहे. वारकरी परंपरेचा प्रभाव असल्यामुळे एकादशीचा उपवास, सप्ताहातील पंगती आणि पंढरीची वारी हे लोकजीवनाचे अंग आहे. अशा परिसरातील महाविद्यालयात वजनाची चिंता हा विषय गौण वाटणे स्वाभाविक आहे. परंतु भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून ‘सात दिवसांत वजन कमी करा’ असे सांगणारी चित्रफीत मुंबई-पुण्याइतक्याच वेगाने पाटोद्यातही पोहोचते. तिच्यातील सल्ला ऐकणारी विद्यार्थिनी मात्र वेगळ्या ताटावर वाढलेली असते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे एक-पंचमांश स्त्रिया अपेक्षेपेक्षा कृश आहेत, एक-पंचमांशाहून काहीशा अधिक स्त्रिया जादा वजनाच्या किंवा स्थूल आहेत आणि निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आहे. म्हणजेच एकाच वर्गात कृश आणि स्थूल विद्यार्थिनी शेजारी बसलेल्या असू शकतात आणि दोघींच्याही रक्तात लोहाची उणीव असू शकते. या परिस्थितीत ‘कमी खा’ किंवा ‘भरपूर खा’ असा सरसकट उपदेश अपुरा ठरतो.

उद्दिष्टे :
१) आहारनियंत्रणाविषयीच्या प्रमुख मानसशास्त्रीय संशोधनाचा परिचय करून देणे.
२) व्रताचा उपवास व आधुनिक डाएट यांतील साम्यभेद स्पष्ट करणे.
३) महाराष्ट्रातील आहारविषयक चर्चेचे मूल्यमापन करणे.
४) ग्रामीण महाविद्यालयातील प्राध्यापकांना उपयुक्त ठरतील अशा सूचना मांडणे.

१. भुकेचा मनावर होणारा परिणाम :
अन्नाच्या कमतरतेने मन कसे बदलते याचा सर्वांत परिचित अभ्यास अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात, १९४४-४५ मध्ये, अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले. हे तरुण युद्धात शस्त्र धरण्यास नकार देणारे आणि स्वेच्छेने प्रयोगात सहभागी झालेले होते. त्यांचे वजन सरासरी एक-चतुर्थांशाने घटले, आणि त्याबरोबर त्यांच्या मनात झालेले बदलही तितकेच ठळक होते. ते सतत अन्नाविषयी बोलू लागले, पाककृतींची पुस्तके वाचू लागले आणि ताटे चाटू लागले. चिडचिड व औदासीन्य वाढले, तर मित्रमंडळी, अभ्यास आणि भविष्य यांतील रस आटला. पुरेसे अन्न पुन्हा मिळू लागल्यावरही काही जण पोट भरूनही तृप्त होत नव्हते. या प्रयोगाचा वृत्तांत १९५० मध्ये प्रसिद्ध झाला.

या तरुणांना दररोज मिळणारे अन्न सुमारे १५७० उष्मांकांचे होते. आज कित्येक लोकप्रिय डाएटमध्ये याहून कमी उष्मांक सुचविले जातात. अर्धपोटी विद्यार्थ्याचे वर्गात लक्ष नसणे, लवकर चिडणे किंवा गप्प राहणे हे दरवेळी शिस्तीचे प्रश्न नसतात. कधी कधी ती केवळ भूक असते. आपल्याकडील ‘भुकेला कोंडा, निजेला धोंडा’ ही म्हण भुकेल्याला चव लागत नाही एवढेच सांगते. मिनेसोटाच्या प्रयोगाने त्यात एक भर घातली. भुकेल्याला अन्नाखेरीज दुसरे काही सुचतही नाही.

२. निग्रही खाणे आणि ‘दुप्पट खाशी’ :
१९७५ मध्ये पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी महाविद्यालयीन विद्यार्थिनींवर एक साधा प्रयोग केला. चवीची परीक्षा घ्यायची आहे असे सांगून काही जणींना आधी एक मिल्कशेक दिला, काहींना दोन, तर काहींना एकही दिला नाही. त्यानंतर सर्वांसमोर आइस्क्रीम ठेवून हवे तेवढे चाखण्यास सांगितले. ज्या एरवी खाण्यावर बंधन घालीत नव्हत्या, त्यांनी मिल्कशेक प्यायल्यावर आइस्क्रीम कमी खाल्ले. ज्या एरवी वजनाच्या धास्तीने खाणे आवरून धरीत होत्या, त्यांनी मात्र मिल्कशेक प्यायल्यावर उलट अधिक आइस्क्रीम खाल्ले. जेनेट पोलिव्ही व हर्मन यांनी पुढे यातून ‘निग्रही खाण्या’चा सिद्धान्त विकसित केला. त्याचा गाभा असा : खाण्याचे नियंत्रण पोटाकडून काढून नियमाकडे सोपविले की, नियम मोडताच थांबण्याचे कारणच उरत नाही. ‘आज मोडलेच आहे, तर मग पोटभर खाऊ, उद्यापासून पुन्हा सुरू’ अशी मनाची धारणा होते.

मराठी माणसाला हा सिद्धान्त नवा वाटू नये. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण याच वर्तनावर बोट ठेवते. म्हणीत उपरोध आहे, तर सिद्धान्तात कार्यकारणभाव आहे. म्हण त्या माणसाला ढोंगी ठरवून मोकळी होते. मानसशास्त्र मात्र असे सांगते की, ताठर बंधनाच्या पोटातच अतिरेकाचे बीज असते. दोष केवळ व्यक्तीच्या दुबळेपणाचा नसून बंधनाच्या स्वरूपाचाही आहे.

१९८५ मध्ये स्टंकार्ड व मेसिक यांनी आहारवर्तन मोजण्यासाठी प्रश्नावली तयार केली. तिच्यात संयम, संयम सुटणे आणि भूक असे तीन स्वतंत्र घटक मानले आहेत. पुढे १९९१ मध्ये वेस्टनहॉफर यांनी संयमाचेही दोन प्रकार दाखवून दिले : ताठर आणि लवचिक. ‘गोड कधीच नाही’ हा ताठर संयम होय, तर ‘लग्नात जिलबी खाल्ली, रात्री थोडे कमी जेवू’ हा लवचिक संयम होय. ताठर संयम आणि खाण्यावरील ताबा सुटणे यांची सांगड अधिक आढळते. लवचिक संयमाच्या बाबतीत ती कमी आढळते. याचा अर्थ सर्व आहारनियंत्रण निरर्थक आहे असा नव्हे. मधुमेही किंवा स्थूल व्यक्तीने वैद्यकीय देखरेखीखाली केलेले आहारनियमन आवश्यक आणि हितावह असते. प्रश्न आहे तो देखरेखीवाचून, धास्तीपोटी आणि उपाशी राहून केलेल्या डाएटचा. अमेरिकेतील किशोरवयीनांच्या एका दीर्घकालीन अभ्यासाचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार डाएट करणाऱ्या मुलामुलींमध्ये पाच वर्षांनंतर वजनवाढ व अनियंत्रित खाणे यांचा धोका न करणाऱ्यांपेक्षा अधिक होता.

३. घटलेले वजन परत का येते? :
‘मनाचा निश्चय कमी पडला’ हे वजन परत येण्याचे सर्वसाधारणपणे सांगितले जाणारे कारण आहे. २००७ मध्ये ट्रेसी मान व सहकाऱ्यांनी दीर्घकालीन अभ्यासांचा आढावा घेतला. डाएट करणाऱ्यांपैकी एक-तृतीयांश ते दोन-तृतीयांश लोकांनी घटविलेल्यापेक्षा अधिक वजन परत मिळविले, असे त्यांना आढळले. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातील सुमित्रन व सहकाऱ्यांनी दाखविले की, वजन घटविल्यानंतर वर्ष उलटूनही भूक वाढविणाऱ्या व तृप्ती देणाऱ्या संप्रेरकांची पातळी पूर्ववत होत नाही. शरीर जणू दुष्काळ पडला आहे असे समजून साठा परत मिळविण्याचा प्रयत्न करीत राहते.

ही उपमा बीड जिल्ह्यात केवळ अलंकार म्हणून राहत नाही. १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामांवर सुकडी खाल्लेली आणि परदेशातून आलेल्या मिलोच्या लाल भाकरीवर दिवस काढलेली पिढी अनेक घरांत आजही आहे. ‘ताटात टाकू नकोस’, ‘अजून अर्धी घे’ हा आजीचा आग्रह त्या आठवणीतून आलेला आहे. अन्नाची खात्री नसलेल्या काळात मिळेल तेव्हा पोटभर खाणे हे शहाणपणच होते. आज त्याच घरातील बैठे काम करणाऱ्या नातवाच्या बाबतीत ती सवय अडचणीची ठरू शकते. म्हणून अशा आग्रहाकडे अडाणीपणा म्हणून न पाहता एका अनुभवाची शिकवण म्हणून पाहावे आणि मग तिची आजच्या परिस्थितीशी सांगड घालावी.

४. उपवास आणि डाएट : साम्य व भेद :
वरवर पाहता दोन्हींत खाणे वर्ज्य करणे आहे. परंतु मानसिक रचना भिन्न आहे. व्रताला संकल्प असतो आणि पारणे असते. त्याचा आरंभ व शेवट ठरलेला असतो. एकादशी द्वादशीला सुटते, संकष्टीचा उपवास चंद्रोदयानंतर सुटतो, रमजानचा रोजा सूर्यास्ताला इफ्तारने सुटतो. डाएटला मात्र पारणे नसते. तो आरशात समाधान दिसेपर्यंत चालायचा असतो आणि ते समाधान बहुधा दिसत नाही. दुसरे, उपवास सामुदायिक असतो. सारे घर, सारे गाव त्यात सहभागी असते. डाएट करणारी व्यक्ती पंगतीत एकटी पडते. तिसरे, उपवासात शरीराची निंदा अभिप्रेत नसते. डाएटचा आरंभच मुळी स्वतःच्या शरीराविषयीच्या असमाधानातून होतो. उपवास मोडला तर प्रायश्चित्ताची किंवा सवलतीची वाट असते. आजारी, गरोदर आणि प्रवासी यांना धर्मपरंपराही सूट देतात. डाएट मोडल्यावर उरते ती अपराधी भावना.

तथापि उपवासाचे अकारण उदात्तीकरणही करता येत नाही. उपवासाचे प्रत्यक्ष ताट पाहावे. साबुदाणा हा कसाव्याच्या कंदापासून बनतो. शंभर ग्रॅम साबुदाण्यात सुमारे ३५० उष्मांक असतात, परंतु प्रथिने नगण्य असतात. तेलातुपात परतलेली खिचडी, तळलेले वडे व बटाटा यांमुळे उपवासाच्या दिवशी उष्मांक घटण्याऐवजी वाढण्याचाही संभव असतो. शेंगदाणे, भगर, राजगिरा, ताक व फळे यांमुळे हे ताट बरेच सुधारते. उलट श्रावणी सोमवार, हरितालिका, नवरात्र असे ओळीने उपवास करणारी आणि उपवासाच्या नावाखाली केवळ चहावर दिवस काढणारी रक्तक्षयग्रस्त विद्यार्थिनी दुहेरी नुकसान सोसते. अलीकडे आणखी एक बाब विचारात घ्यावी लागते. घरात डाएटला विरोध होतो, उपवासाला होत नाही. त्यामुळे वजनाची धास्ती व्रताच्या आडोशाने व्यक्त होऊ शकते. हाँगकाँगमधील मानसोपचारतज्ज्ञ सिंग ली यांनी १९९० च्या दशकात दाखविले की, खाणे टाळण्याच्या विकारातील सर्वच रुग्ण ‘मला जाड व्हायचे नाही’ असे म्हणत नाहीत. काही जण ‘भूकच लागत नाही’, ‘पोट भरल्यासारखे वाटते’ असे सांगतात. आपल्याकडील प्राध्यापकांनी हा मुद्दा ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

५. महाराष्ट्रातील आहारचर्चा :
गेल्या दोन दशकांत महाराष्ट्रात आहाराविषयी जेवढी सार्वजनिक चर्चा झाली तेवढी क्वचितच पूर्वी झाली असेल. डॉ. श्रीकांत जिचकार (१९५४-२००४) यांच्या व्याख्यानांतील विचारांपासून प्रेरणा घेऊन डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून केवळ दोनदा, कडक भूक लागण्याच्या वेळी, ५५ मिनिटांच्या आत जेवण्याची आणि नियमित चालण्याची पद्धत लोकप्रिय केली. दुसरीकडे ऋजुता दिवेकर यांनी २००९ मधील आपल्या पुस्तकापासून थोड्या थोड्या अंतराने, स्थानिक व ऋतुमानानुसार अन्न खाण्याचा आग्रह धरला. ‘दोन वेळा की दर दोन तासांनी?’ हा वाद घराघरांत, कचेऱ्यांत आणि प्राध्यापक कक्षांतही रंगला.

मानसशास्त्राच्या दृष्टीने या वादाचे उत्तर कोणत्याही एका पक्षात नाही. चीनमधील ग्वांगझू येथे १३९ स्थूल व्यक्तींवर वर्षभर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. ठरावीक आठ तासांतच खाणारे आणि केवळ उष्मांक कमी करणारे या दोन गटांच्या वजनघटीत लक्षणीय फरक आढळला नाही. यावरून वेळापत्रकापेक्षा, दीर्घकाळ पाळता येईल असा नेम महत्त्वाचा ठरतो असे म्हणता येते. या दोन्ही पद्धतींमध्ये एक समान बलस्थानही आहे : पहिली व्यक्तीला स्वतःची खरी भूक ओळखायला सांगते, दुसरी घरच्या अन्नाविषयीची लाज दूर करते. मात्र दोन्हींचा मुख्य श्रोता पुरेसे अन्न उपलब्ध असलेला वर्ग आहे. आधीच दिवसातून दोनदाच जेवणाऱ्या मजूर कुटुंबातील मुलीला ‘दोनदाच जेवा’ या सल्ल्यातून काय मिळणार? तसेच मधुमेहाचे औषध घेणाऱ्याने वैद्यकीय सल्ल्याशिवाय जेवण वगळल्यास रक्तशर्करा धोकादायकरीत्या घटू शकते, ही बाब ऐकीव माहितीवर डाएट करणाऱ्यांना सांगितलीच पाहिजे.

६. कृश दिसणारे शरीर आणि त्यातील चरबी :
ग्रामीण माणसाला स्थूलतेचे विकार होत नाहीत हा समजही तपासून घेतला पाहिजे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात पुण्याजवळील सहा गावांतील गर्भवती मातांचा अभ्यास सुरू केला. त्यातून २००३ मध्ये पुढे आलेली माहिती अशी : या मुलांचे सरासरी जन्मवजन सुमारे २.७ किलो होते, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांचे सुमारे ३.५ किलो. भारतीय बालकांचे स्नायू व अवयव लहान होते, परंतु त्वचेखालील चरबी त्यामानाने टिकून होती. म्हणजे मूल कृश दिसते, पण त्याच्या शरीरात चरबीचे प्रमाण अधिक असते. याचे चटकदार उदाहरण २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आले. डॉ. याज्ञिक व ब्रिटिश वैद्य यडकिन या दोघांचाही शरीरवस्तुमान निर्देशांक २२.३ होता, परंतु शरीरातील चरबी यडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली.

याचे दोन निष्कर्ष निघतात. एक, वजनकाटा हा आरोग्याचा अपुरा साक्षीदार आहे. भारतीयांच्या बाबतीत कमरेचा घेर (पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपर्यंत) अधिक बोलका ठरतो. दोन, आजची विद्यार्थिनी ही उद्याची माता आहे. तिने वजनाच्या धास्तीने आज पोषण नाकारले तर त्याची किंमत पुढील पिढीच्या शरीरालाही मोजावी लागू शकते.

७. शेवटी जेवणारी स्त्री :
न खाण्याचा हा चौथा प्रकार सर्वांत अबोल आहे. ऊसतोडणीच्या फडावर नवरा-बायकोचा मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. स्त्री पहाटे उठून भाकरी थापते, दिवसभर ऊस तोडते, मोळ्या वाहते आणि रात्री सर्वांचे झाल्यावर उरलेले खाते. गावी राहणाऱ्या कुटुंबांतही वाढणारीने शेवटी जेवण्याची रीत आहे. तीत डाळ, भाजी, दूध संपलेले असते, भाकरी मात्र उरते. यात कोणी तिला उपाशी ठेवीत नाही आणि ती स्वतःही उपवास करीत नाही. तरीही पोषण हुकते. लहानपणापासून आईला असे पाहणारी मुलगी ‘आपली भूक नंतर’ हा धडा न शिकविता शिकते. अशा मुलीपुढे डाएटची कल्पना येते तेव्हा ती परकी वाटत नाही. भूक दाबण्याचा सराव तिला आधीपासूनच असतो.

८. भाकरीचे पुनर्मूल्यन :
आशादायक बाब अशी की उपाय फार दूर नाही. महाराष्ट्रात १२ ते १६ वर्षांच्या २४६ शालेय मुलामुलींवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एका गटाला लोहसमृद्ध बाजरीची, तर दुसऱ्याला साध्या बाजरीची भाकरी देण्यात आली. लोहसमृद्ध भाकरी खाणाऱ्या मुलांमधील लोहाची पातळी अधिक सुधारली. पुढील विश्लेषणात त्यांच्या अवधान व स्मृतीतही सुधारणा आढळली. ज्या अन्नाला नव्या पिढीने ‘गावंढळ’ म्हणून बाजूला सारले, तेच तिच्या अभ्यासाला आधार देऊ शकते. बाजरीची भाकरी, तुरीचे वरण, मेथी-शेपू, शेंगदाण्याची चटणी आणि वर लिंबाची फोड (लिंबातील क जीवनसत्त्वाने लोहाचे शोषण वाढते) हे ताट कोणत्याही महागड्या डाएटपेक्षा कमी प्रतीचे नाही. जेवणाला लागूनच घेतलेला चहा मात्र हे शोषण घटवितो.

९. प्राध्यापकांसाठी काही सूचना :
१) विद्यार्थ्यांच्या शरीरयष्टीवर, विनोदानेही, भाष्य करू नये. ‘काय, खात-पीत नाहीस का?’ किंवा ‘जरा कमी खा’ या सहज बोललेल्या वाक्यांचा परिणाम दीर्घकाळ राहतो.
२) आरोग्य तपासणी शिबिरात वजनाबरोबर रक्तद्रव्याची (हिमोग्लोबिनची) तपासणी करावी व वजन सर्वांसमोर मोठ्याने सांगू नये. गरोदर नसलेल्या स्त्रीत ते १२ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास रक्तक्षय समजून प्राथमिक आरोग्य केंद्राकडे पाठवावे.
३) राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात मुलगे व मुली, वाढणारे व जेवणारे यांनी आळीपाळीने प्रथम जेवावे. व्याख्यानापेक्षा हा परिपाठ अधिक शिकवितो.
४) उपवासाला विरोध न करता उपवासाचे ताट सुधारण्याविषयी बोलावे.
५) खाणे एकाएकी टाळणे, वारंवार चक्कर, पाळी बंद होणे, खाल्ल्यावर उलटी काढणे ही लक्षणे दिसल्यास पालक व वैद्य यांच्याशी विश्वासाने संपर्क साधावा.
६) आई-वडील तोडणीला गेलेल्या विद्यार्थ्यांच्या जेवणाची हंगामात आवर्जून विचारपूस करावी.

समारोप :
उपवास, डाएट, उपासमार आणि शेवटी जेवणे या चारही प्रकारांत पोट रिकामेच राहते, परंतु मन प्रत्येक वेळी वेगळ्या अवस्थेत असते. पहिल्यात समाधान असू शकते, दुसऱ्यात धास्ती, तिसऱ्यात अगतिकता आणि चौथ्यात सवय झालेली माघार. म्हणून ‘ती का जेवली नाही?’ हे विचारल्याशिवाय ‘तिने काय खावे?’ हे सांगता येत नाही. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात अतिभोजन आणि अनशन ही दोन्ही टोके टाळून युक्ताहाराचा पुरस्कार केला आहे. आधुनिक संशोधनातील लवचिक नियंत्रणाची कल्पना त्याच्या जवळ जाणारी आहे. मात्र युक्ताहारासाठी आधी आहार हाती असावा लागतो आणि तो पोटभर घेण्याचा आपल्याला हक्क आहे असे खाणाऱ्याला वाटावे लागते. पहिली गोष्ट शेती, रोजगार आणि शासन यांच्यावर अवलंबून आहे. दुसरी घडविण्यात शिक्षकाचा वाटा मोठा आहे. पाटोद्यासारख्या ठिकाणच्या महाविद्यालयात आहाराचे शिक्षण याच दुसऱ्या गोष्टीपासून सुरू व्हावे.